पृथ्वीच्या तापमानवाढीचे विभेदक निदान

जागतिक तापमानवाढीचा विषय निघाला, की आपल्या वैद्यकवर्तुळात एक आक्षेप हमखास ऐकू येतो. पृथ्वी कधी तापते, कधी निवते. हिमयुगे आली आणि गेली. तेव्हा कोठे मोटारी होत्या आणि कोठे कारखाने होते? असा आक्षेप घेणारी मंडळी अडाणी नसतात. त्यांत आपले नामवंत शल्यचिकित्सक असतात, प्राध्यापक असतात, आणि त्यांच्या विधानाचा पूर्वार्ध अक्षरशः खरा असतो. म्हणूनच ‘शास्त्रज्ञांचे एकमत झाले आहे’ एवढे एक वाक्य तोंडावर फेकून त्यांना गप्प करणे मला योग्य वाटत नाही. एकमत हा पुरावा नव्हे. पुराव्याचा तो परिणाम असतो. आणि पुरावा तपासण्याची सवय आपल्याला आहे.

रुग्णाला ताप आहे एवढ्यावरून आपण निदान करीत नाही. त्याला पूर्वी तीन वेळा हिवताप झाला होता, म्हणून आजचाही ताप हिवतापाचाच, असेही म्हणत नाही. पूर्वेतिहास महत्त्वाचा खरा, परंतु तो संशयितांची यादी देतो, निकाल देत नाही. सिगारेटचा शोध लागण्यापूर्वीही माणसांना फुप्फुसाचा कर्करोग होत होताच. म्हणून १९५० साली डॉल आणि हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतून काढलेला निष्कर्ष खोटा ठरला नाही. प्रस्तुत लेख हवामानशास्त्रज्ञाने लिहिलेला नाही. तीस-पस्तीस वर्षे तापाचे रुग्ण तपासलेल्या एका फिजिशियनने, आपल्याच पद्धतीने, हा एक रुग्ण तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

पूर्वेतिहास

आरंभ घराजवळून करू. गुजरातेत ज्याला ‘छप्पनियो’ म्हणतात तो विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा दुष्काळ बडोद्यातील जुन्या मराठी घरांतून अजूनही ऐकीव आठवणींच्या रूपाने शिल्लक आहे. १८९१ च्या जनगणनेत बडोदे संस्थानची लोकसंख्या सुमारे चोवीस लाख होती. १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांच्या आसपास भरली. दुष्काळ आणि त्याच्या पाठोपाठ आलेली पटकी यांनी हे केले. त्या काळी हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आजच्या मानाने पुष्कळच कमी होते. निसर्ग स्वतःच्या बळावर केवढा संहार करू शकतो, याविषयी आपल्या शहराला तरी शंका घेण्याचे कारण नाही.

त्याहून मागे जावे, तर मेघालयातील मॉम्लूह गुहेत छतावरून ठिबकणाऱ्या पाण्याने घडविलेल्या चुनखडीच्या एका स्तंभात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी पाऊस एकाएकी रोडावल्याची खूण सापडली. ही खूण इतकी स्पष्ट, की २०१८ मध्ये भूवैज्ञानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने पृथ्वीच्या इतिहासातील चालू कालखंडाला ‘मेघालयन’ असेच नाव दिले. धोळावीरा आणि लोथल यांच्या ऱ्हासामागील अनेक कारणांत या अवर्षणाचेही नाव घेतले जाते, यद्यपि त्याचा वाटा नेमका किती, याविषयी पुरातत्त्वज्ञांत मतभेद आहेत. त्याच्याही मागे, हजारो वर्षे सहाराचे वाळवंट हिरवे होते आणि तेथे पाणघोडे डुंबत होते. तेव्हा हवामान बदलते, आणि माणसाला न विचारता बदलते, हे मान्य करूनच पुढे जावयाचे आहे.

ही मोठी चक्रे चालतात कशाने? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी शोधले त्यांची कथा मला फार आवडते, म्हणून तिच्यावर थोडे रेंगाळतो. एकोणिसाव्या शतकात ग्लासगो येथील एका संग्रहालयात रखवालदारी करणाऱ्या जेम्स क्रोल या स्वयंशिक्षित गृहस्थाने, पृथ्वीच्या कक्षेतील सूक्ष्म फेरफारांमुळे हिमयुगे येत असावीत, असे प्रतिपादन केले. नोकरी हलकी, पण ग्रंथालय हाताशी. पुढे सर्बियाच्या मिलुटिन मिलानकोविच यांनी त्याचे पुरते गणित मांडले. ते मुळात स्थापत्य अभियंता. काँक्रीटच्या बांधकामातील वाकबगार. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा ते नवविवाहित होते आणि ऑस्ट्रियाच्या हद्दीतील आपल्या जन्मगावी गेलेले होते. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांना पकडण्यात आले. सोबतच्या बॅगेत अर्धवट राहिलेली आकडेमोड होती. कोठडीत त्यांनी तीच पुढे चालू केली. नंतर बुडापेस्टमध्ये नजरकैदेत असताना तेथील विज्ञान अकादमीचे ग्रंथालय त्यांना वापरू देण्यात आले. असे वर्षानुवर्षे हाताने गणित करून १९४१ मध्ये त्यांनी आपला महाग्रंथ प्रसिद्ध केला.

गणिताचे सार असे. पृथ्वीची कक्षा सुमारे एक लाख वर्षांच्या आवर्तनाने कधी अधिक लांबट, तर कधी अधिक वर्तुळाकार होते. तिच्या अक्षाचा कल सुमारे ४१,००० वर्षांत २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यान मागेपुढे होतो. शिवाय भोवऱ्याप्रमाणे अक्ष डोलत असल्याने पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ कोणत्या ऋतूत येणार, हे सुमारे २३,००० वर्षांच्या चक्राने बदलत राहते. उत्तर गोलार्धातील उन्हाळे दीर्घकाळ सौम्य राहिले, तर हिवाळ्यात पडलेले बर्फ वितळत नाही, ते साचत जाते आणि हिमयुग येते. मिलानकोविच १९५८ साली वारले, तोवर त्यांच्या म्हणण्यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नव्हता. १९७६ मध्ये हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन या तिघांनी दक्षिण हिंदी महासागराच्या तळातून काढलेल्या गाळाच्या नळकांड्यांत नेमकी हीच आवर्तने मोजून दाखविली, आणि रखवालदाराचा तर्क सिद्धांत झाला.

म्हणजे निसर्गचक्राचे नाव घेणाऱ्याने हे गणितही स्वीकारले पाहिजे. आणि ते स्वीकारताच पंचाईत होते. आज पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या प्रारंभी असते, म्हणजे उत्तरेच्या उन्हाळ्यात ती दूर असते. अक्षाचा कल २३.४ अंश असून तो हळूहळू कमी होत आहे. दोन्ही गोष्टी उत्तरेचे उन्हाळे सौम्य करणाऱ्या आहेत. या चक्रानुसार पृथ्वीची चाल गेली पाच-सहा हजार वर्षे अत्यंत मंद गतीने थंडीकडे होती, आणि तशीच ती पुढेही राहावयास हवी होती. ज्या घड्याळाचा दाखला दिला जातो, त्याचे काटे उलट वेळ दाखवीत आहेत.

गतीचाही विचार केला पाहिजे. गेले हिमयुग संपताना पृथ्वीचे सरासरी तापमान पाच-सहा अंशांनी वाढले, पण त्याला सुमारे दहा हजार वर्षे लागली. सरासरीने एका अंशाला दीड-दोन हजार वर्षे. १९७५ पासून आजवरच्या सुमारे पन्नास वर्षांत साधारण एक अंश वाढ झालेली आहे. ग्रीनलंडच्या बर्फात काही दशकांत कित्येक अंशांच्या उड्या दिसतात, हे कोणी सांगेल. ते खरेही आहे. परंतु तो एका प्रदेशाचा हिशेब होता. सागरी प्रवाहांनी उष्णता एका गोलार्धातून दुसऱ्यात नेली. साऱ्या पृथ्वीचा ताप तेवढा चढला नव्हता.

हृदय, रक्त आणि एल निनो

आता लहान चक्रांकडे वळू. १८९९ साली भारतीय हवामान खात्याने चांगल्या पावसाचे भाकीत केले होते आणि आला छप्पनियो! या नामुष्कीनंतर १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती खात्याचे प्रमुख म्हणून भारतात आले. हवामानशास्त्राचा त्यांना गंधही नव्हता. कदाचित तेच हिताचे ठरले. हिंदी कारकुनांच्या हातून त्यांनी जगभरच्या नोंदींचे परस्परसंबंध काढविले. तेव्हा असे आढळले, की प्रशांत महासागराच्या पूर्व बाजूला हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो घटतो, आणि तिकडे घटला की इकडे वाढतो, जणू तराजूची दोन पारडी. यालाच त्यांनी ‘दक्षिणी आंदोलन’ म्हटले. पेरूच्या किनाऱ्यावरील समुद्र मधूनमधून तापतो, त्या ‘एल निनो’शी याचे नाते १९६९ मध्ये ब्यर्कनेस यांनी उलगडले. छप्पनियोच्या वर्षीही एल निनोच होता, असे आता मानले जाते.

एल निनो हे खरेखुरे निसर्गचक्र. परंतु त्याचे कार्य काय? समुद्रात साठलेली उष्णता तो हवेला देतो आणि ‘ला निना’ ती पुन्हा समुद्रात दडविते. म्हणजे हे रक्ताचे पुनर्वाटप आहे, रक्त चढविणे नव्हे. हातपाय गरम झाले तर रक्त कोठून तरी कमी झाले असले पाहिजे. हवेची तापमानवाढ एल निनोची असती, तर समुद्र तेवढा निवावयास हवा होता. या शतकाच्या आरंभापासून महासागरांत सोडलेली, आज सुमारे चार हजारांवर असलेली स्वयंचलित तरंगयंत्रे दोन किलोमीटर खोलीपर्यंतचे तापमान मोजीत आहेत. हवा तापत आहे आणि समुद्रही तापत आहे. किंबहुना पृथ्वीवर साचणाऱ्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्रच पोटात घेत आहे. उष्णता बाहेरून येत तरी असली पाहिजे किंवा बाहेर जाण्यावाचून अडत तरी असली पाहिजे.

आणखी एक साधी तुलना. १९९८ हे प्रचंड एल निनोचे वर्ष. त्या वेळी ते तोवरच्या नोंदींत सर्वांत उष्ण ठरले होते. २०२२ हे ला निनाचे, म्हणजे चक्रातील थंड बाजूचे वर्ष. तरीही २०२२ हे १९९८ पेक्षा उष्ण होते. भरती-ओहोटी आजही होतच आहे. पण आजची ओहोटी कालच्या भरतीहून उंच आहे. २०२३-२४ मध्ये पुन्हा एल निनो आला आणि जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने २०२४ चे सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या मानाने सुमारे १.५५ अंशांनी अधिक भरले. त्या वर्षीच्या उच्चांकात चक्राचा वाटा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पाया मात्र चक्राने उचललेला नाही.

ताप आणि उष्माघात

उरलेल्या संशयितांत पहिला मान सूर्याचा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावरील डाग जवळजवळ नाहीसे झाले होते आणि युरोपात कडाक्याचे हिवाळे पडत होते. तेव्हा सूर्यावर संशय घेणे रास्तच. पण १९७८ पासून उपग्रह सूर्याची नाडी धरून बसले आहेत. अकरा वर्षांच्या चक्रात सूर्याची शक्ती हजारात एक भाग एवढीच वरखाली होते, आणि गेल्या चार दशकांत तिचा कल वाढीचा नाही. याच चार दशकांत पृथ्वी सर्वाधिक तापली. ज्वालामुखींचे तर उलटेच आहे. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनातुबो फुटला, त्याने उडविलेल्या गंधकाच्या सूक्ष्म कणांनी सूर्यप्रकाश अडविला आणि पृथ्वी सुमारे अर्ध्या अंशाने निवली. जेम्स हॅन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या थंडाव्याचे भाकीत आधीच वर्तविले होते आणि ते खरे ठरले. औषध दिल्यावर अपेक्षित तोच परिणाम, अपेक्षित त्याच मात्रेत दिसावा, त्यातला हा प्रकार होय. ज्वालामुखी कार्बन डायऑक्साइडही सोडतात, परंतु माणूस खनिज इंधनांतून दरवर्षी साडेतीन हजार कोटी टनांहून अधिक सोडतो, त्याचा शंभरावा हिस्साही तो भरत नाही.

पण केवळ इतर संशयित सुटले म्हणून उरलेला दोषी, हा न्याय मला समाधान देत नाही. वगळत वगळत केलेले निदान कच्चे असते. रोगाची स्वतःची अशी खूण दिसली पाहिजे. येथे आपल्याच शास्त्रातील एक भेद उपयोगी पडतो.

ताप आणि उष्माघात या दोन्हींत थर्मामीटर एकच आकडा दाखवू शकतो. तापात मेंदूतील नियंत्रण-केंद्राने पातळीच वर नेलेली असते आणि शरीर ती गाठण्यासाठी उष्णता निर्माण करते, राखते. उष्माघातात पातळी जागच्या जागी असते, परंतु उष्णतेची बाहेर पडण्याची वाट बंद झालेली असते. म्हणून तापात उपयोगी पडणारी पॅरासिटॅमॉल उष्माघातात निरुपयोगी ठरते. आकडा तोच, यंत्रणा निराळी, उपचार निराळा.

पृथ्वीलाही हाच प्रश्न विचारता येतो. उष्णता अधिक येत आहे, की जाणे अडले आहे? सूर्य प्रखर झाला असता, तर वातावरण तळापासून माथ्यापर्यंत सर्वत्र तापले असते. जाणे अडले असेल, तर पांघरुणाच्या आतील भाग तापेल आणि वरचे थर निवतील. स्युकुरो मानाबे यांनी १९६७ मध्ये वेदराल्ड या सहकाऱ्यासह गणित करून हे लिहून ठेवले, की कार्बन डायऑक्साइड वाढल्यास जमिनीलगतचे वातावरण तापेल आणि त्यावरील स्थितांबर थंड होईल. त्या वेळी हे तपासण्यासारख्या नोंदी नव्हत्या. पुढे फुग्यांनी आणि उपग्रहांनी त्या मिळविल्या. स्थितांबर निवत आहे. त्यातील काही थंडावा ओझोनच्या ऱ्हासामुळे आहे, हे सांगितले पाहिजे; परंतु स्थितांबराच्या वरच्या भागातील घट कार्बन डायऑक्साइडवाचून समजावता येत नाही. मानाबे यांना २०२१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. माझ्या मते साऱ्या वादातील सर्वांत निर्णायक खूण हीच आहे. सूर्याचे कोणतेही चक्र खालचा मजला तापवून वरचा मजला थंड करू शकत नाही.

त्याच जातीची दुसरी खूण रात्रींची. सूर्यामुळे तापमान वाढते तर दिवस अधिक तापले असते. प्रत्यक्षात गेल्या शतकाच्या मध्यापासून, जगाचा एकत्र विचार करता, किमान तापमान कमाल तापमानापेक्षा अधिक वाढलेले आहे. शहरांत सिमेंटच्या भिंतीही रात्री उष्णता ओकतात, म्हणून शहरी थर्मामीटरवर एकट्यावर विसंबू नये. पण समुद्रावर सिमेंट नाही आणि वाढ तेथेही आहे.

पितृत्वाची चाचणी

हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला, हे १९५८ पासून हवाईतील मौना लोआ पर्वतावर चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी सुरू केलेल्या मोजणीने निर्विवाद झाले. तेव्हा दशलक्ष भागांत सुमारे ३१५ भाग असलेले प्रमाण २०२४ मध्ये सरासरीने सुमारे ४२४ झाले. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या जुन्या हवेचे बुडबुडे आठ लाख वर्षांपर्यंतचे आहेत. त्या अवधीत, आठ हिमयुगांच्या येण्याजाण्यात, ते तीनशेच्या वर गेल्याचे आढळत नाही. पण हा जादा वायू माणसाचाच कशावरून? समुद्रातून निघालेला कशावरून नसेल?

येथे कार्बन स्वतःचे कुळ सांगतो. किरणोत्सारी कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५,७३० वर्षे. कोट्यवधी वर्षे जमिनीखाली पुरलेल्या कोळशात व तेलात तो शिल्लकच नसतो. हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण अशा ‘मृत’ कार्बनामुळे पातळ होत असल्याचे हान्स सूस यांनी १९५० च्या दशकातच दाखविले. वनस्पती जड कार्बन-१३ पेक्षा हलका कार्बन-१२ अधिक पसंत करतात, म्हणून वनस्पतींपासून झालेल्या इंधनांत कार्बन-१३ कमी. आणि हवेतही त्याचे प्रमाण घटत आहे. ज्वालामुखीच्या कार्बनाने तसे घडले नसते. त्याशिवाय काहीही जाळावयाचे तर प्राणवायू लागतो, आणि हवेतील प्राणवायू त्या हिशेबाने कमी होत असल्याचे कीलिंग यांचे चिरंजीव राल्फ यांनी मोजले. (घट दरवर्षी दशलक्षात चार-पाच भागांइतकीच आहे, कोणी त्यासाठी पल्स ऑक्सिमीटर काढू नये.) समुद्र वायू बाहेर टाकत नसून आत घेत आहे, याचा दाखला त्याच्या पीएचमध्ये आहे. औद्योगिक काळापासून पृष्ठजलाचा पीएच सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला. ऐकणाऱ्याला एक दशांश किरकोळ वाटेल. रक्ताचा पीएच ७.४ वरून ७.३ वर आलेला रुग्ण ज्यांनी हाताळला आहे, त्यांना वाटणार नाही.

हा वायू उष्णता अडवितो, हा शोध तर अलीकडचा मुळीच नव्हे. अमेरिकेतील युनिस फूट या विदुषीने १८५६ मध्ये काचेच्या नळ्या उन्हात ठेवून त्याची चुणूक दाखविली, टिंडल यांनी १८५९ पासून प्रयोगशाळेत ते मोजले आणि अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये, छप्पनियोच्या तीन वर्षे आधी, वायू दुप्पट झाल्यास पृथ्वी किती तापेल याचे गणित हाताने केले. राजकारण पुष्कळ नंतर आले.

सुजाण आक्षेपकांच्या भात्यात आणखी एक बाण असतो. जुन्या बर्फात तापमान आधी वाढलेले दिसते आणि कार्बन डायऑक्साइड काही शतकांनी मागाहून. मग कारण कोणते आणि कार्य कोणते? प्रश्न चांगला आहे. हिमयुगाच्या शेवटी पहिला धक्का कक्षेचाच होता. त्याने दक्षिणेकडील समुद्र तापले, तापलेल्या समुद्रांनी वायू सोडला आणि त्या वायूने साऱ्या पृथ्वीची उष्णता आणखी वाढविली. हृदयाच्या अकार्यक्षमतेत मूत्रपिंडे बिघडतात आणि बिघडलेली मूत्रपिंडे हृदयाला आणखी खचवितात. या दुष्टचक्रात रोग्याने कोठूनही प्रवेश केला तरी फेरा पुरा होतो. त्या वेळी प्रवेश कक्षेकडून झाला, या वेळी वायूकडून. एकदा अनुयायी असलेला मनुष्य पुन्हा कधी पुढारी होत नाही, असे आपल्या संस्थांचा अनुभव तरी सांगत नाही!

या सर्वांचा हिशेब आंतरराष्ट्रीय हवामानबदल समितीने २०२१ च्या अहवालात मांडला आहे. २०१०-२०१९ या दशकापर्यंत मानवी कारणांनी झालेली वाढ सुमारे १.०७ अंश, सूर्य व ज्वालामुखी यांचा मिळून वाटा उणे ०.१ ते अधिक ०.१ यांच्या दरम्यान, म्हणजे जवळजवळ शून्य.

भारताच्या बाबतीत एक गुंतागुंत मात्र ध्यानात ठेवावी. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनीच वाढले. आपल्या हवेतील धूर व धूलिकण सूर्यप्रकाश अडवितात, सिंचनाचे पाणी जमीन निववते; म्हणजे एका मानवी करणीने दुसरी झाकली आहे. हवा स्वच्छ करावी तर झाकलेली उष्णता उघडी पडणार, आणि न करावी तर फुप्फुसांचे काय होते हे आपण रोज पाहतो. स्टेरॉइडखाली दबलेल्या तापासारखी ही अवस्था आहे. आणि हेही सांगितले पाहिजे, की प्रत्येक आपत्ती या खात्यावर मांडणे चूक आहे. जुलै २०१९ अखेर आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, मगरी सोसायट्यांपर्यंत आल्या. त्यात उष्ण झालेल्या हवेचा वाटा किती आणि नदीच्या कोतरांवर आपण केलेल्या बांधकामांचा किती, याचा निवाडा एका पुरावरून होत नाही. एका रुग्णावरून साथ ठरत नाही, तसेच.

निदानाने काय बदलते?

आता कोणी म्हणेल, कारण काहीही असो, उन्हाळा तर सोसावाच लागणार. मग डॉक्टरांनी या वादात का पडावे? फरक आहे. चक्र असेल तर वाट पाहणे हा उपचार असतो. वर्षे वाईट जातात, मग चांगली येतात. तेवढे दिवस काढावयाचे. साठत जाणारा रोग असेल, तर वाट पाहणे हाच अपाय ठरतो, आणि ‘आपल्या लहानपणीही असाच उन्हाळा असे’ या विधानावर रुग्णाचा सल्ला बेतता येत नाही.

मे २०१० मध्ये आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरील अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. नंतर झालेल्या अभ्यासात, २००९ व २०११ च्या मे महिन्यांच्या सरासरीशी तुलना करता, त्या एका महिन्यात १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे आढळले. त्यांतील बहुतेकांच्या दाखल्यावर उष्णतेचे नाव आले नसणार. हृदयविकार, पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणे, असेच आपण लिहितो, आणि ते खोटेही नसते. अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ मध्ये गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या व इतरांच्या साह्याने उष्णता कृती आराखडा तयार केला. दक्षिण आशियातील तो पहिला. त्यात अद्भुत असे काहीच नाही. पूर्वसूचना, पाणी, सावली, रुग्णालयांत बर्फाची तयारी, डॉक्टर-परिचारिकांचे प्रशिक्षण. पुढील अभ्यासाने त्यामुळे वर्षाला सरासरी हजाराहून अधिक मृत्यू टळल्याचा अंदाज दिला. ‘हे तर निसर्गचक्र आहे’ म्हणून त्या मंडळींनी हात जोडून बसणे पत्करले असते, तर हे घडले नसते.

मी स्वतः गेली काही वर्षे फेब्रुवारीअखेर रुग्णांची एक यादी काढतो. सत्तरीपुढचे, एकटे राहणारे, हृदयाच्या अकार्यक्षमतेसाठी मूत्रल गोळ्या घेणारे, बीटा-ब्लॉकरवर असलेले, मानसिक विकारांसाठी घाम आटवणारी औषधे चालू असलेले. एप्रिलच्या भेटीत त्यांचे वजन, रक्तदाब, सोडियम आणि क्रिएटिनीन पाहून मात्रा पुन्हा ठरवितो. दुपारी बाहेर पडू नका, हे त्यांना घरचेही सांगतात. मी विचारतो ते रात्रीचे : झोपता कोठे, वर गच्ची आहे की पत्रा, खिडकी समोरासमोर आहे का, पहाटे उठल्यावर लघवी किती गडद होते. दिवसाचा ताण शरीर रात्री फेडते आणि नेमक्या रात्रीच अधिक तापत आहेत. पत्र्याखाली झोपणाऱ्यांची नावे मी यादीत लाल शाईने लिहितो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, त्यांनी येण्याची वाट न पाहता, त्यांना दूरध्वनी करतो.